ओढ्याकडच्या रानाची आठ गाडगी

आमच्या शाळेत चित्रकलेला जे मास्तर होते त्यांना सगळे गांडूळमास्तर म्हणायचे. पोरं पाठीमागं म्हणायची, आम्ही शिक्षक चहा पिताना म्हणायचो आणि गावातली म्हातारी माणसं सरळ तोंडावर म्हणायची. मास्तरांना त्याचा राग नव्हता. "वाईट काय हाय त्यात? गांडूळ माझ्यापेक्षा जादा काम करतंय," असं म्हणून ते हसायचे. हसले की पुढच्या पडलेल्या दाताची फट दिसायची.

शाळा पलूसकडची. मी तिथं भूगोल शिकवायचो आणि घरूनच जायचो, कारण आमचं घर आणि ऊस दोन्ही त्याच शिवारात. मास्तर होते सांगलीच्या पलीकडचे, जैन शेतकरी घरातले. रागावले की कानडीत पुटपुटायचे. मुंबईला चित्रकला आणि मातीकाम शिकून आलेले. तिथं राहिले असते तर नाव झालं असतं, असं हेडमास्तर नेहमी म्हणत. पण ह्या बाबाला एकच याड. आपल्या मुलखातल्या मातीची भांडी करायची, आणि तीही जुन्या घाटांची. गाडगी, परळ, डेरे, बिंदग्या. घरोघरी ॲल्युमिनियम आणि स्टील आल्यापासून कुंभारांनी जे घाट सोडले होते ते मास्तर पुन्हा वळायचे, पण आपल्या पद्धतीनं. निम्म्या अंगाला उसाच्या पाचटाच्या राखेची झिलई, निम्मं अंग तसंच उघडं, आणि बुडाला ज्या रानाची माती त्या रानाचं नाव आणि साल कोरलेलं.

"तलाठ्याच्या उताऱ्यावर मालकाचं नाव असतंय गड्या," ते मला म्हणाले होते. "मातीचं काय झालं ते कोण लिवतंय?"

माती ओळखायची त्यांची रीत म्हणजे जीभ. कुठलंही ढेकूळ उचलायचं, फुंकर मारायची आणि जिभेच्या टोकाला लावायचं. जीभ ओढली तर माती चांगली, सुटली तर वाळू फार. पाटणहून येताना एकदा एसटीत त्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि तांबड्या मातीचा खडा तोंडात टाकला. शेजारची बाई म्हणाली, "आवं, ह्ये डोहाळे बायकांस्नी लागत्यात!" सगळी गाडी हसली. मास्तरांनी शांतपणे तिच्याकडं रुमाल धरला. "खाऊन बघा आक्का. लोखंड लय हाय हिच्यात." कपाळ माझं! मी शेजारी बसलो होतो. पुढच्या थांब्यावर उतरून चालत जावं असं वाटलं मला.

आता गांडूळमास्तर का, ते सांगतो. जैनाच्या जातीनं जीवहत्या करू नये, आणि मातीकाम म्हणजे तर माती खणायची, तुडवायची, भाजायची. हा पेच मास्तरांनी आपल्यापुरता सोडवला होता. चातुर्मासात मातीला हात लावायचा नाही. भट्टी वर्षातून दोनदाच. आणि आणलेली माती ओली करून पाटावर पसरायची नि बोटांनी चिवडून तिच्यातला जीव न् जीव वेचून काढायचा. गांडुळं, मुंग्यांची अंडी, नाकतोड्याची पिल्लं. ती सगळी एका परळात ओल्या मातीत ठेवायची आणि जिथून माती आणली तिथं परत नेऊन सोडायची. दुसरीकडं कुठं सोडायची नाहीत. दोन मैल चालत जातील, पण आमच्या रानातलं गांडूळ आमच्याच रानात. सोडताना म्हणायचे, "ज्याचं त्याला." भट्टी पेटवायच्या आधी विटांवर काठीनं टकटक करून "बाहेर या रं बाबांनो" अशी हाक द्यायचे. पोरं भिंतीवर बसून हे बघायची आणि घरी जाऊन नक्कल करायची.

मास्तरांना जिभेवर एक चव मात्र सहन व्हायची नाही, खाऱ्या मातीची. त्यांच्या भावांचं रान कृष्णेकाठी होतं. मोटर आली, पाणी आलं, ऊस आला. काळं रान, त्याला रात्रंदिवस पाणी. खालचं मीठ वर आलं आणि पाच-सहा वर्षांत रान पांढरं पडलं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, शाळेच्या मागं चिखल तुडवताना.

"मला कळत हुतं गड्या. जिभंला कळत हुतं. पर थोरल्याला वाईट वाटंल म्हणून गप बसलो. आता तिथं बाभळ धरत न्हाई. तवापासनं ठरवलंय, ज्याच्या रानात मीठ घावंल त्याला तोंडावर सांगायचं. मारला तर मारला."

आमचं ओढ्याकडचं रान सहा एकर, काळं कुळकुळीत, खोलगट. माझे वडील, अण्णा, पलटणीतून हवालदार होऊन परत आले आणि त्यांनी त्या रानात नदीवरून लिफ्टचं पाणी आणलं. पूर्वी तिथं शाळू व्हायचा, मग ऊस झाला, आणि तोही असा की बघायला लोक यायचे. मास्तर दर उन्हाळ्यात त्या रानातली पाटीभर माती न्यायचे, तिच्यात नदीचा पोयटा मिसळायचे आणि दोन गाडगी करायचे. एक त्यांच्या फळीवर. दुसरं आमच्या आईला, नवरात्रात घट बसवायला. "आक्का, तुमच्याच रानाचं हाय," म्हणून देत. आई ते भाताच्या कणगीवर जपून ठेवायची.

पहिल्या वर्षी आमच्या मातीत तीसेक गांडुळं निघाली होती. पुढं वीस झाली, मग बारा-पंधरा, मग सात-आठ. हे आकडे मास्तरांनी आपल्या फळीवरच्या गाडग्यांच्या बुडाला कोरलेत, म्हणून सांगतो. आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एकदा मी त्यांच्याकडं गेलो तर मास्तर पाटासमोर बसलेले. आमच्या रानाची माती पसरलेली, शेजारी परळ रिकामा.

मी म्हटलं, "मास्तर, सुटलात की! एक पण न्हाई? पायपीट वाचली."

त्यांनी वर बघितलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. गांडुळासाठी रडणारा माणूस मी तोवर बघितला नव्हता. मला मेल्याला हसू आलं. अजूनही ते हसू मला आठवून आठवून खातं.

त्याच संध्याकाळी मास्तर आमच्या सोप्यावर येऊन बसले आणि अण्णांना म्हणाले, "हवालदार, रानाला पाणी जादा झालंय. खालनं मीठ वर यायलंय. खालच्या अंगानं ओढ्यापातुर एक चर काढा, पाणी निचरू द्या. दोन वर्सं ऊस बंद. ताग पेरा आन गाडा. रान वाचंल."

अण्णा हसलेच. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. आदल्या वर्षी आमच्या गावची माणसं खडी फोडायला जात होती, आणि हा मास्तर म्हणतोय पाणी जादा झालं! पण अण्णांचा मास्तरांवर जीव होता. माणूस खोटं बोलत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते म्हणाले, "दोन वर्सं ऊस बंद म्हंजी लय झालं मास्तर. पर तुमी म्हणताय तर इचार करतो. नवरात्रात देवीला इचारतो. ती काय म्हणंल त्ये."

आमच्या घरात त्या वर्षी नवरात्राला फार महत्त्व होतं. माझा थोरला भाऊ एकाहत्तरच्या लढाईत गेला. पहिल्या वर्षी सुतक, दुसऱ्या वर्षी दुष्काळ. दोन वर्षं घट बसला नव्हता. आई कामं करायची, भाकरी करायची, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. तिला हसताना बघून दोन वर्षं झाली होती. त्या वर्षी ती आपण होऊन म्हणाली की घट बसवू या. अण्णांनी स्वतः रानातली माती आणली. पत्रावळीवर माती पसरली, धान पेरलं, वर मास्तरांचं नवं गाडगं पाणी भरून ठेवलं. रोज एक माळ.

पाचव्या माळेला गाडग्याच्या उघड्या अंगावर पांढरं काहीतरी दिसू लागलं. सातव्या माळेला तर अख्खं गाडगं पिठूळ पांढरं झालं. आईनं हात जोडले. शेजारच्या बायका आल्या, मग वाडीच्या आल्या. कुणी म्हणालं देवीनं रूप दाखवलं, कुणी म्हणालं थोरला देवीच्या पायाशी पोचला. बायका ती पांढरी भुकटी बोटाला लावून कपाळाला टेकवू लागल्या. अंगारा म्हणून पुड्या बांधून नेऊ लागल्या. घटाखालचं धान उगवलं होतं विरळ, पिवळं, चार बोटंसुद्धा नाही. घट बसवायचे ते मुळी माती आणि बी कसं आहे ते बघायला, असं आमची आजी म्हणायची. पण त्या गर्दीत धानाकडं बघतंय कोण!

आणि आई हसत होती. येईल त्या बाईला हळदकुंकू लावत होती, बोलत होती, रडत होती, परत हसत होती.

आठव्या माळेला सकाळी मास्तर आले. अण्णा कोरा फेटा बांधून सोप्यात बसले होते. "मास्तर, देवीनं कौल दिला बरं का," ते म्हणाले. "आता चर न्हाई नि फिर न्हाई. ऊस लावायचा, पाणी पाजायचं."

तेवढ्यात आईनं चिमूटभर अंगारा आणून मास्तरांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी सवयीनं जिभेला लावला. बायका फिसकन हसल्या. "आवं मास्तर, लावायचा असतोय, खायाचा न्हाई!" आईसुद्धा खळखळून हसली.

मास्तरांचा चेहरा मी बघत होतो. त्यांनी अण्णांकडं वळून तोंड उघडलं. "हवालदार, ह्ये..."

मी उठलो, त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना जवळजवळ ओढतच गोठ्यात नेलं.

"मास्तर, पाया पडतो. आज बोलू नका."

"मीठ हाय गड्या त्ये. रानातलं मीठ. पाण्यासंगं झिरपून वर आलंय."

"मला कळतंय. मी भूगोल शिकवतो. पण तिच्याकडं बघा की जरा. दोन वर्षांनी हसतीया माझी आई. आज तुम्ही बोललात तर पुन्हा हसायची नाही."

मास्तरांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, "माझ्या थोरल्या भावाच्या वक्ताला मी असाच गप बसलो हुतो."

"दसरा होऊ द्या. मी सांगतो अण्णांना. माझा शब्द."

"शब्द देतोस?"

"देतो."

ते परत सोप्यात आले, आईच्या हातचा गुळाचा खडा घेतला, पाणी गाळून प्यायले आणि निघून गेले. आयुष्यात एकदा त्या माणसानं आपला नेम मोडला तो माझ्या शब्दावर.

दसरा झाला. आईनं ते विरळ धान अण्णांच्या फेट्यात खोवलं. मी सांगितलं नाही. दिवाळी झाली, सांगितलं नाही. आई पुन्हा माणसांत आली होती, रोज त्या गाडग्याला फूल वाहत होती. आज सांगू, उद्या सांगू. मास्तर वर्गाच्या दाराशी थांबून विचारायचे, "सांगितलंस?" मी म्हणायचो, "सांगतो." सुरूच्या उसाच्या लागणीला रानात ट्रॅक्टर आला तेव्हा मास्तर बांधावर येऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, "आरं, ह्ये काय?"

आणि मी म्हणालो, "सांगितलं मास्तर. अण्णा ऐकत नाहीत."

किती सहज म्हणालो! जीभसुद्धा अडखळली नाही. मास्तरांनी मान हलवली. "आपण सांगायचं काम केलं," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. अण्णांशी पूर्वीसारखंच बोलायचे. उन्हाळ्यात पाटीभर माती न्यायचे.

दोन वर्षांनी सांगलीत मास्तरांच्या भांड्यांचं प्रदर्शन भरलं. कुणी कलाप्रेमी मंडळींनी हॉल घेतला होता. एका टेबलावर वाई, पाटण, कऱ्हाड अशा ठिकठिकाणच्या मातीची भांडी, आणि मधल्या लांब टेबलावर नुसती आमच्या ओढ्याकडच्या रानाची सात गाडगी, सालवार. पहिलं तांबूस, स्वच्छ. दुसऱ्या-तिसऱ्याच्या कडेला धुरकट रेघ. चौथ्यापासून पांढरं वाढत वाढत सातवं जवळजवळ सगळं पांढरं. आई अण्णांना म्हणाली, आपल्या रानाची गाडगी मांडल्यात म्हणं, बघून या. अण्णा पलटणीतला कोट घालून माझ्याबरोबर आले. तोवर रानाच्या खालच्या कोपऱ्यात पांढरा पट्टा पडला होता आणि ऊस गुडघ्याएवढाच राहिला होता. अण्णा म्हणायचे, खत कमी पडलंय.

मुंबईचे एक जाणकार गृहस्थ आले होते. सातव्या गाडग्यापाशी थांबून म्हणाले, "वा! काय पोत आहे! ही पांढरी छटा कशी मिळवलीत?"

मास्तर इतका वेळ हात बांधून कोपऱ्यात उभे होते. ते एकदम ओरडले. "छटा? रोग हाय तो! मीठ हाय! रान मराय लागलंय ह्ये, आन तुमी वा म्हणताय?"

अण्णा माझ्या शेजारीच उभे होते. ते पुढं झाले, सातवं गाडगं उचललं, बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. मग सावकाश एकेक गाडगं उलटं करून बुडावरचं वाचलं. पाचव्यापाशी थांबले. घटाचं साल ते. त्याच्या बुडाला कोरलं होतं, 'गांडूळ नाही.'

"मास्तर," अण्णा हळू आवाजात म्हणाले, "घटावर आलं हुतं त्ये ह्येच? देवीचा अंगारा म्हणून आमी कपाळाला लावला त्यो?"

मास्तर टेबलाकडं आले.

"अंगारा म्हंजी मीठ, ह्ये कवापासनं ठावं हाय तुमाला? आन मला कुणी का सांगितलं न्हाई?"

तेव्हा मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. एकदाच. त्यांना सगळं कळलं. मी शब्द मोडला हे कळलं, आणि बांधावर खोटं बोललो हेही कळलं. मी खाली बघत होतो. आता बोलतील, आता बोलतील.

"आत्ताच कळलं हवालदार," मास्तर म्हणाले. "भांडी वळीनं मांडली तवा. माझं चुकलं."

"सात वर्सं माझ्या रानाची माती चाखताय, मीठ वर यायलंय म्हणून तुमीच सांगितलं, अंगाराबी माझ्यासमोर जिभंला लावलात, आन तुमाला आत्ता कळलं?" अण्णांनी गाडगं टेबलावर ठेवलं. "मास्तर, तुमी खोटं बोलत न्हाई असं मी गावाला सांगत हुतो."

ते तरातरा बाहेर पडले. मी त्यांच्यामागं गेलो. मागं वळून बघितलं नाही.

पुढं तीन दिवस मास्तर शाळेत जेवले नाहीत, पाणीही नाही. मी विचारलं, उपास कसला? ते फळ्यावर बिंदगी काढत होते. खडू न थांबवता म्हणाले, "खोटं बोललो म्हणून." बास. त्याहून एक शब्द नाही. एकदा चार थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं! वर्षअखेरीस त्यांनी शाळा सोडली आणि भावांच्या गावी गेले. जाताना आमच्या घरावरून गेले, पण अण्णा सोप्यातून उठून आत गेले, म्हणून थांबले नाहीत.

अण्णांनी मात्र त्यांचंच ऐकलं. त्याच उन्हाळ्यात ओढ्यापर्यंत चर काढला. स्वतः कुदळ घेऊन उतरले. ऊस मोडला, ताग पेरला, गाडला. तोवर उशीर झाला होता. सहा एकर रान उन्हात मिठागरासारखं चमकायचं. आईनं ते गाडगं देव्हाऱ्यातून काढून फडताळात ठेवलं. का, ते आम्ही कुणी विचारलं नाही. पुन्हा ती फारशी बोलेनाशी झाली. दुसऱ्या वर्षी अण्णांचं उजवं अंग लुळं पडलं. सोप्यात खाटेवर पडून ते रोज मला विचारायचे, "रानात काय दिसतंय का?" मी म्हणायचो, "न्हाई अजून."

एकोणऐंशीच्या पावसाळ्याआधी मास्तरांचा पुतण्या आला. काका गेले म्हणाला, महिना झाला. जाण्याआधी एक वस्तू तुम्हाला द्यायला सांगितली होती. पाचटात गुंडाळलेलं गाडगं निघालं. आठवं. बुडाला ओढ्याकडचं रान, चालू साल. हा माणूस कधी आमच्या रानात येऊन माती घेऊन गेला, मला पत्ता नव्हता. गाडग्यात घडी केलेला कागद होता. मास्तरांचं ते गोल, चित्रासारखं अक्षर.

'चरालगत बांधाच्या कडेला एक गांडूळ घावलं. जिथल्या तिथं सोडलं. रान जगणार. हवालदारांना सांगणे.'

मी गाडगं चहूबाजूंनी फिरवून बघितलं. जिभेला लावलं. अगदी थोडं खारट. एकदा गोठ्यात, आता ह्या कागदावर, अण्णांना सांग. दोनदा त्या माणसानं माझ्यावर एकच काम सोपवलं होतं.

मी सोप्यात गेलो. अण्णांच्या खाटेशी बसलो.

"अण्णा, रानात गांडूळ घावलं."

त्यांनी डोळे उघडले. डाव्या हातानं माझं मनगट धरलं. अंग लुळं, पण त्या हातात अजून हवालदाराचा जोर होता.

"खरं? कुठं?"

"चरालगत. बांधाच्या कडेला."

"कुणाला घावलं रं?"

कागद माझ्या खिशात होता. काढून दाखवायचा, एवढंच. अण्णा माझ्या तोंडाकडं बघत होते.

"मला," मी म्हणालो.

अण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं. "माझा ल्योक बघतोय रानाकडं," ते म्हणाले. "न्हाईतर त्यो मास्तर. सात वर्सं चाखत बसला, आन लबाड निघाला."

"व्हय," मी म्हणालो.